सात खळग्यांचं बीड : कारैकुडीतल्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज मुनीश्वरन कोविल रस्त्यावरनं पणियारक्कल आणलं. म्हणजे आपलं आप्पेपात्र. 'कल' म्हणजे दगड. डोशाचा तवाही इथं दोसैक्कल. वस्तू लोखंडाची होऊन पिढ्या गेल्या, नाव दगडाचंच राहिलं.

हा रस्ता जुन्या सामानाच्या बाजाराचा. चेट्टियारांच्या, म्हणजे इथल्या जुन्या व्यापारी समाजाच्या, वाड्यांमधनं निघालेलं काय काय दुकानांत छतापर्यंत रचलेलं असतं : बर्मी सागाच्या चौकटी, एनॅमलचे डबे, पितळी हंडे, देवाच्या तसबिरी. मुलगी जुनी कुलपं बघत उभी होती, तेवढ्यात मला तळाशी गंजक्या झाऱ्यांखाली हे दिसलं. दुकानदारानं अकराशे सांगितले, मी सातशे म्हटलं, नऊशेला सुटलं. कोल्हापुरात असतो तर आणखी ताणलं असतं, पण तमिळमधले आकडे मला वीसपर्यंतच येतात.

मापं घेतली. वजन २ किलो ७०० ग्रॅम. व्यास सव्वाआठ इंच. खळगे सात, मधे एक आणि भोवती सहा. दोन कान, त्यातला एक किंचित वाकडा. तो वाकडाच ओतलाय, नंतर वाकलेला नाही, कारण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाकत नाही, तुटतं. कडेला गेट, म्हणजे साच्यात धातू शिरायची वाट, तोडल्याची खूण आहे आणि ती कानशीनं नीट घासलीय. ज्यानं केलं त्याला घाई नव्हती. टिचकी मारून बघितलं. घंटेसारखं वाजणार नाहीच, पण फुटक्या मडक्यासारखंही वाजलं नाही. तडा नाही. गंज मात्र सगळीकडे.

स्वतःबद्दल दोन ओळी लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, चौतीस वर्षं काढली, आधी मोल्डिंगला म्हणजे साचे करायला, मग क्वालिटीला. यंदा निवृत्त झालो. मुलगी इथल्या केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्थेत गंजावर काम करते. दोन महिने तिच्याकडे राहायला आलोय. मंडळी संक्रांतीला येणार.

उद्दिष्ट : १४ जानेवारीच्या आत तांदूळ आणि उडदाच्या आंबवलेल्या पिठाचं कुळिपणियारम जमवणं. कुळि म्हणजे खळगा. सोडा नाही, इनो नाही, दही नाही. पात्र हेच.

१९ नोव्हेंबर

गंज काढला. मी व्हिनेगर आणायला निघालो होतो. मुलगी म्हणाली, "अप्पा, संस्थेच्या नावात विद्युत-रसायन आहे आणि तुम्ही सिरक्यात बुडवताय?" मग तिच्या पद्धतीनं केलं.

प्लास्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, चार लिटरला एक मोठा चमचा. गाडीच्या बॅटरीचा जुना साधा चार्जर, १२ व्होल्टचा. उणे टोक पणियारक्कलला, अधिक टोक साध्या लोखंडी पत्र्याला. पत्रा स्टेनलेसचा अजिबात नको, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी. दोन्ही धातू एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून गच्चीवर उघड्यावर. जोडण्या काढण्याआधी चार्जर बंद.

पाच तासांनी उचललं. तांबडा गंज काळा गाळ होऊन सुटला होता, घासणीनं निघाला. खाली राखाडी बीड, सँडचे, म्हणजे साच्याच्या वाळूचे, दाणे उमटलेले तसेच. इतकं स्वच्छ जुनं ओतकाम बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं. धुऊन लगेच गॅसवर वाळवलं, तरी तेवढ्या पाच मिनिटांत एका खळग्यावर केशरी झाक आलीच. उघडं बीड ओल्या हवेत थांबत नाही.

२१ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई पात्र बघायला आल्या. त्यांना सगळे आच्ची म्हणतात. चेट्टियारांच्या घरातल्या बायकांना हेच म्हणायची रीत. वय अठ्ठ्याहत्तर. मला तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. मुलगी मला 'अप्पा' म्हणून हाक मारते हे ऐकून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की तुमच्याकडं बापाला तमिळमध्ये का बोलावतात. कोल्हापुरात घराघरांत एक अप्पा असतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

पात्र त्यांनी हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला. तेल लावायच्या आधी भाताच्या पेजेत तीन दिवस ठेवायचं, रोज पेज बदलायची, असं सांगितलं. मी म्हटलं, गंज निघालाय. त्या म्हणाल्या, "इरुक्कट्टुम." असू दे. मुलीच्या मते यात चूक काही नाही. आंबलेल्या पेजेत सौम्य आम्ल असतं, ते उरलासुरला गंज खातं. ज्यांच्याकडे चार्जर नव्हता त्यांनी काढलेला उपाय आहे तो.

तीन दिवसांऐवजी दोन रात्री ठेवणार. दोघींचाही मान राहील.

२४ नोव्हेंबर

पेजेतनं काढल्यावर पात्र काळपट राखाडी झालं होतं. तिळाचं तेल, इथलं नल्लेण्णै, अगदी पातळ लावायचं, मग पुसून काढायचं, इतकं की तेल लावलंच नाही असं वाटावं. मंद आचेवर धूर येईपर्यंत तापवायचं, गार होऊ द्यायचं. असं चार वेळा. तेल जाड राहिलं तर चिकट थर बसतो आणि पुढं पापुद्रे निघतात. तेल तापून लोखंडावर कडक पापुद्र्यासारखं बसतं, ते खरं कवच. शेवटी प्रत्येक खळग्यात कांदा परतून टाकून दिला.

संध्याकाळी पहिला घाणा. दोन वाट्या इडली तांदूळ, अर्धी वाटी उडीद डाळ, मिक्सरवर वाटून रात्रभर ठेवलेलं पीठ. सातपैकी सात चिकटले. विणायच्या सुईनं टोकरून काढले तर वरचं टोपण हातात आणि बूड खळग्यात. चवीला उकडलेल्या पिठाचे गोळे.

कवच पुरेसं बसलं नाही, असा निष्कर्ष काढला.

२५ नोव्हेंबर

पुन्हा चार थर. मंडळींचा फोन. "इनो घाला की एक पुडी." फोन ठेवला.

३० नोव्हेंबर

आठवडाभरात तीन घाणे. पात्रावर आता माझ्या हिशोबानं दहा थर आहेत, खळगे काचेसारखे चकाकतात. हातातल्या पायरोमीटरनं तापमान घेतलं : १४० अंशांना ओतलं तर चिकटतं, २२०ला बाहेरून करपून आत कच्चं, १७५ ते १८० बरं. तेल खळग्याला अर्धा चमचा. एवढं सगळं करून आजचे सातातले पाच निघाले. निघाले, पण दगड. फोडलं तर आत जाळी नाही, घट्ट गर.

आपल्या धंद्यात कास्टिंग खराब आलं की मोल्डिंगवाला मेल्टिंगला शिव्या घालतो आणि मेल्टिंगवाला सँडला. मी सात दिवस पात्रालाच धरून बसलोय, कारण मला पात्रातलं कळतं.

बाहेर पाऊस. वादळ वर पुदुच्चेरीकडं गेलं म्हणतात, इथं नुसतंच कोंदट.

३ डिसेंबर

आज आच्चींनी पीठ बघितलं. पात्राकडं ढुंकूनही बघितलं नाही. डब्याचं झाकण काढलं, बोट बुडवलं, बोटावरनं पीठ खाली पडताना बघितलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला आमचे जुने मेस्त्री आठवले. नवख्यानं ओल्या सँडवर धातू ओतला की ते असंच बघायचे. बोलायचे काही नाहीत, फक्त दोन पावलं मागं सरकायचे.

मग मला वर बोलावलं. ओट्याशेजारी ग्राइंडर, दगडी. कोइंबतूरचा. त्या गावच्या ओल्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे, हे मुलीनं सांगितलं. यंत्राला असं मानांकन मिळतं हेच मला नवीन होतं. कोपऱ्यात जुना आट्टुक्कलही आहे, खड्ड्यात वरवंटा उभा फिरवायचा तो. आता त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय.

त्यांचं माप लिहून घेतलं. पच्चरिसी म्हणजे साधा कच्चा तांदूळ दोन वाट्या. पुळुंगल अरिसी म्हणजे उकडा दोन वाट्या. अख्खा पांढरा उडीद, साल काढलेला पण न फोडलेला, एक वाटी. मेथी एक चमचा. तांदूळ आणि मेथी चार तास भिजवायचे, उडीद वेगळा दीड तास. उडदाची डाळ माझ्या पिशवीतली त्यांनी हातावर घेतली, दाताखाली चावली आणि परत पिशवीत टाकली. जुनी आहे म्हणे, फुगणार नाही.

उडीद आधी. पाणी फ्रिजमधलं, आणि एकदम नाही, मुठीमुठीनं शिंपडत. मी घड्याळ लावलं : ३५ मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांत काही होत नाही, नुसती खरखर. वीस मिनिटांनी पीठ पांढरं पडायला लागलं. तिसाव्या मिनिटाला भांड्यात जे होतं ते मी याआधी पाहिलेलं नव्हतं. लोण्यासारखं, पण लोण्याहून हलकं. दगड फिरताना ते दगडाला धरून वर चढत होतं आणि फुस्स असा आवाज येत होता. आच्चींनी वाटीत पाणी घेतलं, त्यात पिठाचा थेंब टाकला. तरंगला. "पोदुम," म्हणाल्या. पुरे.

घरी मिक्सरमधलं माझं पीठ मी पायरोमीटरनं मोजलं होतं, ४१ अंश. आज ग्राइंडरमधलं २९. मिक्सरचं पातं डाळ कापतं आणि तापवतं. दगड ती चिरडत, हवा कोंडत जातो.

तांदूळ वेगळा वाटला, किंचित रवाळ ठेवला. मग दोन्ही एकत्र, मीठ घालून, हातानं. चमच्यानं नाही. हाताचीच ऊब लागते आणि हातावरचंही काही त्यात उतरतं असं त्या म्हणतात. उंच डबा घेतला, निम्म्याहूनही कमी भरला. बाहेरून पेन्सिलीनं खूण केली. पीठ ८ सेंटिमीटर. रात्री साडेआठ.

४ डिसेंबर, सकाळी साडेसहा

१७ सेंटिमीटर.

दहा तासांत दुपटीच्या वर. स्वयंपाकघरात रात्री २४ अंश होतं. झाकण उचललं तर वरचा भाग घुमटासारखा फुगलेला, कडेला बुडबुड्यांच्या रांगा. डबा हलवला तर सगळं मिळून थरथरलं. आच्ची दारातनंच म्हणाल्या, "मावु पोंगिरुच्चु!" पीठ फुगून वर आलंय. पोंगल सणाचं नाव याच शब्दातलं, उतू जाणं.

मुलीनं चहा पिता पिता समजावलं. यात यीस्ट टाकायला लागत नाही. डाळीवर आणि तांदळावर जिवाणू आधीच असतात. पहिली फळी ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइड्स नावाच्या जिवाणूची. तो साखर खाऊन आम्लही करतो आणि कार्बन डायऑक्साइडही सोडतो. फुगवटा त्या वायूचा. पण वायू नुसता तयार होऊन चालत नाही, तो धरून ठेवायला काहीतरी लागतं. तांदळात ते नाही. उडदात आहे : त्याची प्रथिनं आणि एक चिकट गोंदासारखा पदार्थ मिळून बुडबुड्याभोवती भिंत करतात. मेथीचा बुळबुळीतपणा त्याला मदत करतो. नुसतं तांदळाचं पीठ आंबतं, पण वायू निसटून जातो.

मी कप खाली ठेवला. चौतीस वर्षं मी एकाच गोष्टीमागं होतो : धातूतला वायू बाहेर कसा जाईल. सँडमधलं पाणी जास्त झालं की वाफ होते, कोअरमधला, म्हणजे साच्यात पोकळीसाठी बसवलेल्या वाळूच्या गाभ्यातला, डिंक जळला की गॅस सुटतो, आणि बाहेर पडायला वाट नसली की बिडात अडकून बसतो. ब्लोहोल. सिलेंडर हेडचं सुंदर कास्टिंग यायचं, मशीनवर कापायला घेतलं की आत मोत्याएवढं भोक, आणि सगळा माल भंगारात. त्यासाठी साच्यात तारेनं बारीक भोकं पाडायची, व्हेंट मारायचे. नवख्या पोराला मी पहिली तीच तार हातात द्यायचो.

आणि इथं एक म्हातारी बाई रात्रभर वायू कोंडून ठेवते, निसटू नये म्हणून चमचासुद्धा लावू देत नाही. माझं पात्र पहिल्या दिवसापासून ठीक होतं. पीठ व्हेंट मारल्यासारखं होतं.

त्याच दिवशी, दुपारी

घाणा. फोडणी : तिळाच्या तेलात मोहरी, उडीद डाळ, हरभरा डाळ, हिरवी मिरची, कढीपत्ता, हिंग, छोटे कांदे बारीक चिरून, ओल्या खोबऱ्याचे तुकडे. ती गार करून पिठात. मी ढवळायला लागलो तर हातावर चापट बसली. "मेल्ल, मेल्ल." हळू. फोडणी वरून टाकायची आणि खालून वर दोन-तीनदा उचलायचं, बस्स.

पीठ इडलीपेक्षा किंचित सैल. खळग्यात अर्धा चमचा तेल, पाऊण खळगा पीठ. झाकण दोन मिनिटं. कड सुटली की कंबीनं उलटायचं. कंबी म्हणजे लाकडी मुठीची लोखंडी सळई. बघितल्या बघितल्या ओळखली. आमची व्हेंटची तार. तीच जाडी, तसंच टोक. मी इतक्या सफाईनं उलटले की आच्चींनी भुवया वर केल्या. या प्रकल्पातलं माझं पहिलं आणि एकमेव उपजत कौशल्य.

सातातले सहा उत्तम. बाहेर कडक टोपण, आत जाळी, तोडलं की वाफ. सोबत लाल मिरची, छोटे कांदे, लसूण, चिंचेची झणझणीत चटणी. कोल्हापूरकरालाही पाणी प्यावं लागलं. हे नोंदवतोय, पण घरी सांगणार नाही.

सातवा, मधला, करपला.

८ डिसेंबर

मधल्या खळग्याचा प्रश्न. घरच्या बर्नरची ज्योत लहान, पात्र मोठं; मधल्या खळग्याला २१५ अंश, कडेच्या खळग्यांना १७०. उपाय म्हणून चार मिलिमीटर जाडीची चकती कापून घ्यायची, ज्योत आणि पात्राच्या मधे ठेवायची, म्हणजे उष्णता पसरेल. कागदावर चित्र काढलं, मधे जाड आणि कडेला पातळ. कापून देणारं वर्कशॉपही शोधलं.

आच्चींना चित्र दाखवलं. त्यांनी विचारलं हे कशाला. सांगितलं. त्या म्हणाल्या, मधला शेवटी भरायचा आणि पहिला उचलायचा.

चित्र वहीत चिकटवून ठेवलंय.

१३ डिसेंबर, कार्तिगै दीपम

संध्याकाळी गल्लीभर पणत्या. उंबऱ्यावर, ओट्यावर, कुंपणाच्या भिंतीवर. पावसाची भुरभुर अधूनमधून येत होती, त्यामुळं पोरं पणत्या घेऊन आत-बाहेर पळत होती.

आज गोड पणियारम. तांदूळ-उडदाचं पीठ, त्यात करुप्पट्टीचा पाक. करुप्पट्टी म्हणजे ताडाचा गूळ. काळा, धुरकट वासाचा. आमच्या गुळासमोर मी त्याला नावं ठेवणार होतो, पण पिठात पडल्यावर तो वास वेगळाच लागतो. वेलची, खोबरं. तेल जास्त, आच कमी : साखर लवकर करपते आणि करपली की चिकटते. १५० अंशांवर ठेवलं. एक घाणा जरा लांबवला तर खळग्यात काळं कवच बसलं, ते गरम पाणी आणि मिठानं घासून काढावं लागलं. गार पाणी तापलेल्या बिडावर ओतायचं नाही हे आमच्याकडच्या लेकरालाही माहीत असतं. माझ्या मुलीनं मात्र नळाखाली धरलं होतं. वेळेत ओरडलो.

आच्चींच्या घरातल्या फरश्या आज नीट बघितल्या. जवळच्याच आत्तंगुडी गावच्या. रंगीत सिमेंट काचेवर ओतून करतात, त्यामुळं पॉलिश लागत नाही. काच गुळगुळीत म्हणून फरशी गुळगुळीत. साचा जसा तसा माल. पणियारक्कलचे खळगे सँडमध्ये ओतले म्हणून खरबरीत, आणि म्हणूनच तेल धरून ठेवतात. नव्या बाजारातली काही पात्रं मशीनवर गुळगुळीत केलेली असतात. दिसायला छान, पण माझं मत याच जुन्याला.

२२ डिसेंबर

आतापर्यंतच्या घाण्यांचा गोषवारा, मंडळींना दाखवायला म्हणून.

२४ ते २५ अंशांच्या रात्री, दहा-अकरा तास : पीठ दुपटीच्या वर, पणियारम हलकं, आंबूस चव जेमतेम.
त्याच पिठाचं दुसऱ्या दिवशी, फ्रिजमध्ये ठेवून : चव जास्त चांगली. माझी पसंती हीच.
तिसऱ्या दिवशी : चांगलंच आंबट, फुगवटा बसलेला, पण कांदा-मिरची घालून इथल्या घरांत नेमकं हेच करतात. पहिल्या दिवशी इडली, मग डोसे, उरलेल्या आंबट पिठाचं पणियारम. आच्चींनी मला खास पणियारमसाठी वेगळं पीठ शिकवलं हा माझा मान होता, हे मला आज कळलं.
मिक्सर, बर्फाचं पाणी घालून, थांबत थांबत : ग्राइंडरच्या पाऊणपट. चालेल.
जुनी डाळ : काहीही करा, नाही.

मुलीनं पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजायच्या कागदी पट्ट्या आणल्या. ताजं वाटलेलं पीठ ६च्या आसपास, दहा तासांनी साडेचारच्या जवळ. आंबलेल्या पिठाचा पीएच साधारण ४.३ ते ४.५ला येतो असं ती म्हणाली. मला हसू आलं. आमच्या बिडात कार्बनचा जो हिशोब असतो, कार्बन इक्विव्हॅलंट, तो ४.३ला आला की धातू सर्वांत कमी तापमानाला वितळतो आणि साच्यात सुरेख धावतो. दोन आकड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी लिहून ठेवलं.

एक घोळही नोंदवतो. इथं लग्नाकार्यात 'वेळ्ळै पणियारम' नावाचं पांढरंशुभ्र प्रकरण असतं. मी ते याच पात्रात करायला गेलो. ते खळग्यातलं नाहीच! कढईत तेलात एकेक डाव सोडून तळतात, आणि पीठ आंबवत नाहीत, दोन तास भिजवून वाटलं की लगेच. त्याचं माप मात्र बघण्यासारखं : वाटीभर कच्चा तांदूळ सपाट भरायचा, आणि त्याच वाटीवर उडीद डाळ शिगोशिग रचायची, देवळाच्या कळसासारखी. ती शीग म्हणजे डाळीचं माप. काट्यावर तोललं, तीन वेळा. तिन्ही वेळा दोन-तीन ग्रॅमचा फरक.

नावांचंही एकदा लिहून टाकतो, कारण विचारणारे विचारतात. कर्नाटकात हेच पड्डु किंवा गुळियप्प, आंध्रात गुंत पोंगनालु, आपल्याकडं आप्पे. पात्र सगळीकडं तेच. आपल्याकडं घाईत रवा आणि दही घालून करतात, तिथंच काय तो फरक पडला.

८ जानेवारी २०२५

गेले काही दिवस वर पाहुण्यांचा राबता होता, पिल्लैयार नोन्बूसाठी. चेट्टियारांचं व्रत, कार्तिगै दीपमनंतर एकवीस दिवसांचं. तांदळाचं पीठ आणि गुळाचा छोटा दिवा करतात, त्यात एकवीस धाग्यांची वात, आणि पेटत्या वातीसकट तो गिळायचा. मला आच्चींनी न पेटवलेला दिला. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

या दिवसांत मी एकटाच पीठ केलं. तीन घाणे. आच्चींच्या तोडीचे नाहीत, पण एकही वाया नाही.

१३ जानेवारी, भोगी

मंडळी काल पोचल्या. सोबत तीळगूळ, लवंगी मिरचीचं तिखट आणि, माझा अंदाज खरा ठरला, इनोच्या चार पुड्या.

आज सकाळी नाश्त्याला पणियारम. पीठ काल संध्याकाळी वाटलेलं, पात्र तयार, मी कंबी घेऊन उभा. पहिला घाणा ताटात टाकला. तिनं एक फोडला, आत बघितलं, उजेडाकडं धरून पुन्हा बघितलं. जाळी मोजत असावी. खाल्ला. दुसरा घेतला. तिसरा घेतला तेव्हा मी श्वास सोडला.

"छान झालंत. मऊ आहेत."

मग थोड्या वेळानं, चटणी वाढून घेता घेता : "पण ही लहान होती, सातला शाळेची रिक्षा यायची, तुमची फर्स्ट शिफ्ट. तेव्हा बारा तास कोण फुगायची वाट बघत बसणार होतं?"

वीस वर्षं आमच्या घरी आप्पे रवा आणि इनोचे झाले आणि मी ते डब्यात नेऊन खाल्ले, त्यांची एकदाही चौकशी केली नाही. यावर बोलायला माझ्याकडं काही नव्हतं. दुसरा घाणा टाकला. मधला शेवटी भरला.

दुपारी ती आणि आच्ची ओट्याशी. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. हिचं माहेर मालवणकडचं, तिकडं तवसं, म्हणजे मोठी जून काकडी, किसून, गूळ घालून तांदळाच्या रव्याचे गोड आप्पे करतात. ते तिनं आच्चींना करून दाखवले, माझ्याच पात्रात. आच्चींनी तवशाचा कीस चिमटीत धरून वास घेतला, मग मला काहीतरी विचारलं. मुलगी घरी नव्हती. मला कळलं नाही. हिला कळलं, तिनं हातानं वेल, पान, लांबडं फळ असं दाखवलं. आच्ची मान हलवून आत गेल्या आणि काकडी घेऊन आल्या. काकडी कोवळी होती. हिनं नाक मुरडलं. दोघी हसल्या.

इनोच्या पुड्या आच्चींनी ठेवून घेतल्या. पोटाला बऱ्या म्हणे.

१९ जानेवारी

परत निघालो. इथनं मदुराई रस्त्यानं नव्वद किलोमीटर, पुढं विमान.

कोल्हापूरसाठी नोंद : आता तिथं पहाटे १५ अंशांच्या आसपास असेल, म्हणजे दहा तासांत काही व्हायचं नाही. डबा तांदळाच्या पिंपात, गोधडीत गुंडाळून, सोळा तासांनी पहिल्यांदा बघायचं. उडीद नवा. उकडा तांदूळ घरी कधीच आणत नाही, कोकणातनं मागवायचा. ग्राइंडरचं मंडळींशी बोलणं चालू आहे. ओट्यावर जागा नाही असं सध्या उत्तर आहे.

पणियारक्कल हाताच्या बॅगेत घेतलं. मोठ्या बॅगेत टाकलं आणि कुणी आपटलं तर बीड आहे, तडा जाणार. कंबी मात्र टोकदार, ती मोठ्या बॅगेत. पात्राला तेलाचा हात फिरवून आच्चींच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलंय.

मदुराईला तपासणीत पट्टा थांबला. पडद्यामागं बसलेल्या बाईंनी मान पुढं केली. मी बाजूनं बघितलं तर पडद्यावर काळीकुट्ट चकती, त्यात सात गोल, मधे एक, भोवती सहा. शेजारचा जवान बॅग उघडायला पुढं आला. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"पणियारक्कल-आ?"

"आमा," म्हटलं.

पट्टा सुरू झाला.